फोनशिवाय चालेल असे लेखी सांगून विकलेल्या जीपीएस उपकरणाबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय : नॅव्हिगेशन उपकरण खरेदीपूर्वी दिलेल्या माहितीप्रमाणे चालत नसल्याबद्दल

महोदय,

आपल्या कंपनीचे गाडीत लावायचे जीपीएस उपकरण मी घेतले आहे. घेण्याआधी आपल्या ग्राहक सेवेला ईमेलवर प्रश्न विचारले होते. फोन न जोडता सगळे चालते का? नकाशे किती काळ फुकट मिळतील? उत्तर आले, "होय, मार्गदर्शनाच्या सर्व सोयी फोनशिवाय चालतात. उपकरण चालू आहे तोपर्यंत नकाशे विनामूल्य मिळतील." त्या भरवशावर मी पैसे मोजले. ही दोन्ही उत्तरे खोटी निघाली.

कामामुळे मला नेहमी अनोळखी भागात गाडी घेऊन जावे लागते, बहुतेक वेळा एकटीनेच. फोनवरचे नकाशे मीही वापरते आणि आधी डाउनलोड करून ठेवले तर ते रेंज नसतानाही चालतात. पण त्यासाठी आपण कुठून जाणार हे निघण्याआधी ठाऊक असावे लागते. रस्ता बंद निघाला आणि भलत्याच बाजूने वळसा पडला, की डाउनलोड केलेला भाग संपतो आणि नेमकी तिथेच रेंज नसते. शिवाय फोन उन्हात तापतो आणि मध्येच कॉल आला की नकाशा झाकला जातो. म्हणून सगळा नकाशा स्वतःच्या मेमरीत ठेवणारे वेगळे यंत्र घ्यायचे ठरवले.

हे शक्य असते, हेही मी नीट समजून घेतले होते. जागा कळायला जीपीएसला इंटरनेट लागत नाही. साधारण 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह संदेश पाठवत असतात, यंत्र ते फक्त ऐकते. किमान चार उपग्रह नीट ऐकू आले की त्याला आपण कुठे आहोत ते काढता येते. रस्ते आणि पत्ते मेमरीत असतील तर पुढचा मार्ग काढायलाही बाहेरच्या कुणाची गरज नाही. अशी उपकरणे फोनवर नकाशे येण्याच्या आधीपासून लोक वापरत आले आहेत.

आता प्रत्यक्षात काय झाले ते सांगते. घाट उतरल्यावर पुढचा पूल दुरुस्तीसाठी बंद होता. तिथल्या कामगारांनी डावीकडच्या रस्त्याने जायला सांगितले. अंधार पडायला लागला होता, फोनला रेंज नव्हती. गाडी बाजूला घेऊन मी वळणाच्या वाटेवरच्या गावाचे नाव उपकरणात टाकायला लागले. पडद्यावर गोल चक्र बराच वेळ फिरत राहिले आणि मग पाटी आली, "फोन जोडलेला नाही. शोध उपलब्ध नाही." खालच्या नकाशावर माझ्या गाडीचा बाण मात्र अगदी अचूक जागी, पुलाच्या अलीकडे उभा होता! उपग्रह ऐकू येत होते, नकाशा समोर होता. फक्त नाव शोधण्याचे काम तुम्ही स्वतःच्या सर्व्हरवर नेऊन ठेवले आहे आणि ते मला विकत घेताना सांगितले नाही.

तशीच पुढे निघाले तर तो रस्ता नकाशात नव्हताच. चांगला डांबरी रस्ता, दिशादर्शक फलक लावलेले, मधली पट्टी आखलेली, म्हणजे काही काल झालेला नव्हे. बाण कोऱ्या जागेतून सरकत होता आणि आवाज पुन्हा पुन्हा सांगत होता, "शक्य होईल तेव्हा यू-टर्न घ्या." म्हणजे परत त्याच बंद पुलाकडे. शेवटी एका ट्रकचालकाला विचारले, तो त्याच बाजूला निघाला होता, त्याच्या मागोमाग गेले. त्या भल्या माणसाचे उपकार आहेत. पण रात्री, एकट्या बाईने, अनोळखी रस्त्यावर गाडी थांबवून कुणाला तरी विचारावे लागू नये, यासाठीच मी तुमचे यंत्र घेतले होते.

घरी आल्यावर नकाशा अपडेट करायला घेतला. नव्या नकाशाची फाइल उपकरणाच्या मेमरीत मावतच नाही. ग्राहक सेवेला फोन केला तर उत्तर मिळाले की या मॉडेलसाठी पूर्ण नकाशा आता देत नाही, नवे मॉडेल घ्या. उपकरण तर उत्तम चालू आहे! मग ईमेलमधल्या त्या वाक्याचे काय?

त्याच फोनवर मला सांगितले गेले की काही गाड्यांच्या पुढच्या काचेवर धातूचा पातळ थर असतो, त्यामुळे सिग्नल अडतो. तसे होते, हे खरे आहे. उंच इमारतींमध्ये किंवा बोगद्यातही बाण भरकटतो आणि त्याबद्दल मी कधीच तक्रार केली नसती. पण माझा बाण जागेवरच होता. दोष काचेचा नाही. उपकरण रीसेट करूनही पाहिले, फरक पडलेला नाही. पडदा उन्हात स्वच्छ दिसतो, आवाज स्पष्ट आहे, स्टँड खड्ड्यातही हलत नाही. यंत्र बनवणाऱ्यांनी आपले काम चोख केले आहे, म्हणून तर जास्त वाईट वाटते.

हे उपकरण दुकानात तपासता येत नाही. तिथे रेंज असते, ओळखीच्या रस्त्यावर त्याची चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. त्याची परीक्षा होते ती आपल्याला काहीच ठाऊक नसलेल्या ठिकाणी आणि तिथे पोहोचेपर्यंत ते परत करायची मुदत संपलेली असते. निवड करताना ग्राहकाच्या हातात असतो तो कंपनीचा शब्द. उद्या कुणी आजारी माणसाला घेऊन अशाच रस्त्यावर असेल.

माझी मागणी अशी : पूर्ण रक्कम परत करावी किंवा पत्त्यांचा शोध उपकरणातच होईल आणि ताजा नकाशा ज्यात मावेल असे मॉडेल बदलून द्यावे. यांपैकी काय, ते मी ठरवेन. आणि यापुढे खोक्यावर ठळक छापावे, की फोनशिवाय काय चालते व काय बंद पडते, आतला नकाशा कोणत्या महिन्याचा व वर्षाचा आहे, तो कोणत्या वर्षापर्यंत अपडेट होईल आणि त्यासाठी वेगळे मेमरी कार्ड लागेल का.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. फोनवरचे आश्वासन मी आता ग्राह्य धरणार नाही. उत्तर न आल्यास ग्राहक न्यायालयात दाद मागेन.

आपली,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, खरेदीपूर्वीचे ईमेल, पडद्यावरच्या दोन्ही सूचनांचे फोटो