नातीची लस आणि खाणीतली माणसं

नागपूर, रविवार

प्रिय सुधाकर,

काल नातीला नऊ महिन्यांची लस टोचून आणली. सिस्टरनं मांडीत न्यूमोनियाची सुई दिली, कार्डावर तारीख घातली. पोरगी रडून रडून माझ्या खांद्यावरच झोपली, आणि मला तुझा बाळू आठवला. त्याला डब्बा, म्हणजे लहान मुलांचा न्यूमोनिया, झाला तेव्हा त्याचं पोट भात्यासारखं उडत होतं. कुणीतरी पोटावर बिब्ब्याचे डाग दिले. आपण दोघं ओट्यावर बसून होतो, आत कुणी जाऊ देईना.

म्हणून रात्री या लसीची कुळकथा वाचत बसलो. सुरुवात दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत आहे. दूरदूरहून आणलेले काळे मजूर दाटीवाटीच्या बराकींत राहायचे आणि न्यूमोनियानं पटापट मरायचे. खाणमालकांनी १९११ मध्ये लंडनहून आल्मरॉथ राइट या डॉक्टरला बोलावलं. त्यानं मारलेले जंतू सुमारे ५० हजार मजुरांना टोचले. गुण आला असं तो म्हणाला, पण ते आकडे कसाला उतरले नाहीत. मग स्पेन्सर लिस्टरनं तिथंच जंतूच्या जाती वेगळ्या काढल्या. एका जातीची लस दुसरीला चालत नाही, ही खरी गोम होती.

पुढे १९२३ मध्ये न्यूयॉर्कला हायडेलबर्गर आणि एव्हरी या शास्त्रज्ञांनी दाखवलं की जंतूभोवतीचं कवच साखरेसारख्या पदार्थाचं असतं. मग १९४४-४५ मध्ये अमेरिकेत सू फॉल्सच्या हवाई दलाच्या तळावर १७ हजार जवानांपैकी निम्म्यांना चार जातींची ही साखर टोचली, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. त्या चार जातींचा न्यूमोनिया लसवाल्यांत ४ जणांना झाला, बाकीच्यांत २६ जणांना. आणि सुधाकर, न टोचलेल्यांनाही आडोसा मिळाला, कारण घशात जंतू बाळगणारेच कमी झाले! हे वाचून मी उठून उभाच राहिलो.

तेवढ्यात पेनिसिलिन आलं आणि लस अडगळीत गेली. रॉबर्ट ऑस्ट्रियन या डॉक्टरनं न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या इस्पितळात पेनिसिलिन देऊनही दगावणारे रुग्ण मोजले, म्हणून ती परत आली. १९७०च्या दशकातली चाचणी पुन्हा त्या खाणमजुरांवरच झाली. तान्ह्या बाळांना मात्र नुसती साखर लागू पडत नाही, तिला प्रथिनाची जोड द्यावी लागते. तशी लस आता आपल्या पुण्यातही बनते.

राइटचं, ऑस्ट्रियनचं नाव सापडलं. त्या मजुरांपैकी एकाचंही नाव मला कुठं दिसलं नाही, आणि याचा मला मनापासून त्रास होतो.

पोरीच्या मांडीवरची सूज आज उतरली. तुझ्याकडे बाळूचा एखादा फोटो असेल तर पाठव.

तुझा,
वसंता