बाबांच्या कानांसाठी म्हैसूरहून पत्र

म्हैसूर

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

फोनवर बाबांना माझं निम्मं बोलणं कळत नाही आणि आई मधेमधे ओरडून सांगत बसते. म्हणून यावेळी सगळं लिहूनच पाठवतेय. बाबा, चष्मा लावून निवांत वाचा.

ऑडिऑलॉजीच्या, म्हणजे कानाच्या आणि ऐकण्याच्या शास्त्राच्या, एम.एस्सी.चं पहिलं वर्ष संपत आलंय. आमची वाक्-श्रवण संस्था १९६५ सालची, त्यामुळे ओपीडीत लांबलांबून माणसं येतात. महिन्याभराचं बाळ असतं तसे ऐंशीचे आजोबाही असतात. बाळ झोपलेलं असताना डोक्याला इलेक्ट्रोड लावून बेरा नावाची तपासणी करतात. आवाज कानाच्या नसेतून वर पोचतोय का, हे पडद्यावरच्या लाटांवरून कळतं. सहा महिन्यांच्या आत बाळाला श्रवणयंत्र मिळालं की बोलणं शिकायला फार मोठी मदत होते. हे काम मला मनापासून आवडतं.

पण आज लिहायचंय ते बाबांच्या कानांबद्दल.

आई, तू म्हणतेस, "यांना पाहिजे तेवढंच ऐकू येतं." तसं नाही गं. बोलण्यातले आ, ओ, ऊ जाड सुरात असतात, ते बाबांपर्यंत पोचतात. स, श, फ, ख हे बारीक सुरातले आवाज गळून पडतात. "दूधवाल्याला साठ द्या" म्हणालीस की त्यांना "आठ" ऐकू येतं. आवाज तर आला, मग न कळल्याचं खापर त्यांच्यावरच फुटतं. आणि तू ओरडलीस की आ-ओ तेवढे मोठे होतात, स-श तसेच राहतात. त्यापेक्षा स्वयंपाकघरातून हाक न मारता समोर जाऊन, तोंड दिसेल असं, जरा सावकाश बोल.

बाबा, हे नुसतं वयाचं नाही असं मला वाटतं. नक्की काय ते तपासणीतच कळेल, पण तुमचं आयुष्य मागावर गेलंय. धोट्याच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम केलेलं कानाला चालतं असं धरलं, तर पुढे दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० ला फक्त पंधरा मिनिटं! तुम्ही पाळीच्या पाळी काढल्यात, तेही कानात कापसाचा बोळा घालून. त्या बोळ्याने आवाज फारसा अडत नाही. हे आकडे वर्गात शिकवले तेव्हा मला तुमचाच चेहरा दिसत होता.

आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या बारीक केसपेशी असतात. सततच्या दणक्याने त्या मरतात आणि ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या आलेखावर, ४००० हर्ट्झच्या बारीक सुराजवळ खड्डा पडतो. ताण्यातला धागा तुटला तर तुम्ही गाठ मारून जोडता, पण या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीत उगवतात, हे १९८८ मध्येच दिसलं. माणसासाठी संशोधन चाललंय, पण आपण त्याची वाट बघत बसायचं नाही.

यंत्राचं नाव काढलं की तुम्ही म्हणता, "शेजारच्या काकांनी आणलं आणि कपाटात टाकलं." तसं बाजारातून उचलून आणायचं नसतं. ज्या सुरात जेवढं कमी ऐकू येतं, त्या प्रमाणात तिथे आवाज वाढवून द्यावा लागतो. पहिले काही आठवडे भांड्यांचा, पंख्याचा आवाज नकोसा होईल. मेंदूला सवय व्हावी लागते, सेटिंगही पुन्हा बदलावं लागतं. त्यासाठी मी आहे. तुमच्या मजुरीवर मी इथवर शिकले, तर हे शिक्षण आधी तुमच्या कानांच्या कामी येऊ दे.

दिवाळीनंतर दोघं या. मिरजेहून म्हैसूरची थेट गाडी आहे. येण्याआधी कानात मळ असेल तर डॉक्टरांकडून काढून घ्या, काडी किंवा तेल घालू नका. तपासणीच्या आदला अख्खा दिवस शेडमध्ये जाऊ नका, माग अडला म्हणून कुणी कितीही बोलावलं तरी. दणक्याने थकलेला कान चाचणीत आहे त्याहून वाईट दिसतो. आणि आई, दंडावरची नस दुखत असली तरी तू येच. यंत्र लावल्यावर बाबांशी पहिल्यांदा तूच बोलायचंस, हळू आवाजात.

तुमची,
धाकटी