सूचना: मायक्रोफायबर टॉवेल धुण्याआधी वेगळे करा

सर्व सभासदांना नमस्कार.

सामाईक टोपलीत गाडीची चाकं पुसलेले आणि पेंट पुसायचे टॉवेल एकत्र पडलेले दिसतात. हे कृपया थांबवूया. ब्रेक पॅड आणि डिस्क झिजून उडणाऱ्या धुळीत लोखंडाचे बारीक कण असतात. ते धाग्यांत रुतले की धुऊनही पूर्ण निघत नाहीत. मग तोच टॉवेल बॉनेटवर फिरला की क्लिअरकोटवर (रंगावरच्या पारदर्शक थरावर) बारीक ओरखडे उठतात. काळ्या गाडीवर तर उन्हात लगेच दिसतात. म्हणून चाकं, इंजिन आणि दारांच्या खाचांचे टॉवेल कायम वेगळे, त्यांची बादलीही वेगळी. जमिनीवर पडलेला टॉवेल कितीही स्वच्छ दिसला तरी याच बादलीत टाका.

काचेचे टॉवेल वॅक्सच्या टॉवेलांत मिसळू नका, काचेवर तेलकट पट्टे येतात. सिरॅमिक कोटिंग (पेंटच्या संरक्षणासाठी लावायचं, वाळून कडक होणारं द्रव) पुसलेला टॉवेल वाळला की कडक होतो; तो पुन्हा पेंटला लावू नका.

धुताना लिक्विड डिटर्जंट थोडंच घ्या, पाणी ४० अंशांच्या आत ठेवा. फॅब्रिक सॉफ्टनर आणि ब्लीच अजिबात नको. सॉफ्टनरचा थर बसला की टॉवेल पाणी शोषेनासा होतो. सुती कपडे सोबत टाकू नका, त्यांचं तूस चिकटतं. नवे गडद टॉवेल पहिल्या वेळी वेगळे धुवा.

सावलीत वाळवा, इस्त्री नको. पावसाळ्यात दमट टॉवेल डब्यात बंद करू नका.