शेजाऱ्याची फाईल आणि माझी प्रार्थना

महोदय,

पाकिस्तानातून आलेल्या सिंधी कुटुंबांच्या घरात कागदपत्रांचे निमित्त करून मिशनरी शिरतात, असा आक्षेप घेणारे एका वाचकांचे पत्र आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात प्रसिद्ध झाले. मी मूळची नगरची मराठी ख्रिस्ती, चर्चने पाठवलेली सेविका असून, गेली अकरा वर्षे इंदूरच्या पलसीकर कॉलनीच्या परिसरात अशाच कुटुंबांच्या शेजारी दोन खोल्या भाड्याने घेऊन राहते. तेव्हा हा आक्षेप माझ्यावरच आहे असे समजून उत्तर देते. तो सर्वस्वी निराधार आहे, असे मी म्हणणार नाही.

कागदांना एवढे महत्त्व का, हे आधी सांगायला हवे. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही, त्यामुळे या माणसांचे येथील सगळे अस्तित्व दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आणि ज्या देशातून ती निघून आली त्याच देशाच्या पासपोर्टवर उभे असते. नागरिकत्व कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तानसह तीन शेजारी देशांतून आलेल्या सहा समाजांना, ज्यांत ख्रिस्तीही आहेत, नागरिकत्वाची वाट सोपी केली आणि मार्च २०२४ मध्ये तिचे नियमही आले. परंतु ती सवलत ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांना आहे. त्यानंतर आलेल्यांना जुनाच लांबचा रस्ता.

त्यात लिपीची अडचण. सिंधमधील शाळेचे दाखले अरबी वळणाच्या, बावन्न अक्षरांच्या सिंधी लिपीत असतात आणि येथे वाढलेल्या सिंधी मुलांना ती वाचता येत नाही. मला ती शेजारच्या अम्मांनी पापड लाटता लाटता शिकवली : खाली एक टिंब म्हणजे 'ब', तीन टिंबे म्हणजे 'प', चार टिंबे म्हणजे 'भ'. एका शेजाऱ्यांच्या वडिलांच्या नावातला 'भ' पासपोर्टवर 'ब' झाला होता आणि तेवढ्यावरून त्यांचा अर्ज दोनदा परत आला होता. माझी 'सेवा' म्हणतात ती बहुतांशी एवढीच आहे, टिंबे मोजण्याची.

आता आक्षेपाविषयी. पहिल्याच वर्षी, थदडीच्या दिवशी, अम्मांच्या नातवाला ताप होता म्हणून मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन दूध तापवायला गॅस पेटवला. त्या दिवशी चूल पेटवायची नसते. आपल्या शीतला सप्तमीसारखेच ते व्रत, पण माझ्या ध्यानात आले नाही. घरात कोणी अवाक्षर काढले नाही. अम्मांनी गॅस बंद केला आणि आदल्या दिवशी केलेली गोड लोली माझ्या ताटलीत ठेवली. त्यांची व्हिसाच्या मुदतवाढीची फाईल माझ्याकडे होती, म्हणून मला बोलायला कोणी धजावले नाही, हे पुढे त्यांच्या सुनेने सांगितले तेव्हा मला कळले. जी माणसे माझी चूक मला सांगू शकत नव्हती, ती माझ्या प्रार्थनेला नको तरी कशी म्हणणार होती?

तेव्हापासून ज्या घराचे कागद माझ्या हातात आहेत, त्या घरात मी प्रार्थनेचा विषय स्वतःहून काढत नाही. कोणी विचारले तर माझी श्रद्धा लपवतही नाही. मात्र चर्चला यायचे म्हणणाऱ्याला, आधी नागरिकत्वाचे होऊन जाऊ द्या, असे सांगते. आपल्या राज्यात १९६८ पासून धर्मस्वातंत्र्याचा कायदा होता, त्याच्या जागी २०२१ चा आला. धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा निकालही मध्य प्रदेशातून गेलेल्या खटल्यातलाच. धर्म बदलायचा तर साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवण्याची अट मला जाचक वाटते, आणि ते मी उघडपणे म्हणते. हा कायदा ज्याच्या बळावर केलेल्या धर्मांतराला मनाई करतो, ते 'प्रलोभन' म्हणजे काय ते मात्र मला थदडीच्या दिवशी समजले. अकरा वर्षांत किती जण चर्चमध्ये आले, असे आमच्या मंडळीतही विचारणारे आहेत. त्यांनाही मी ही गॅसचीच गोष्ट सांगते आणि त्यांना ती फारशी आवडत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा वैध राहतील असा सरकारचा खुलासा आला, परंतु ज्यांचे अर्ज अजून मंजूर व्हायचे होते त्यांच्या पोटातला गोळा त्याने हलला नाही. त्या रात्री शेजारी कागदांच्या पिशव्या घेऊन आमच्या जिन्यावर बसले होते आणि मोबाईलवरचा आदेश मला पुन्हा पुन्हा वाचायला लावत होते. प्रार्थना मी केली, ती नंतर, माझ्या खोलीत, दार लावून.

पत्रलेखकांना माझी एक विनंती आहे. अरबी लिपीतील सिंधी वाचू शकणारे थोडे वृद्ध गृहस्थ शहरात अजून आहेत. त्यांच्यापैकी कोणी आठवड्यातून एक सकाळ या कुटुंबांसाठी देणार असेल, तर माझ्याकडच्या फायली मी आनंदाने त्यांच्या स्वाधीन करीन.

आपली विश्वासू,
एक वाचक, इंदूर