बाबा, आधी ते ग्राफिक्स कार्ड काढा

बंगळुरू, रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर "आता काय दिसतंय?" आणि "तेच दिसतंय" असं किती वेळ चालवणार? त्यातून तुम्ही कॉम्प्युटरसमोर आणि फोन आईच्या हातात, म्हणजे मला ऐकू येते ती तुमच्या दोघांची जुगलबंदी. आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी सिस्टीम) टाकताना गाडी मध्येच अडते, आणि ते फोनवर सुटणार नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठवतेय. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणा आणि कीबोर्डशेजारी ठेवा.

आई, आधी तुझं. फोटो, वाचनालयाची यादी, सोसायटीचे हिशेब, काहीही गेलेलं नाही. ते सगळं जुन्या हार्ड डिस्कवर आहे आणि मिंट टाकायचं आहे ते नव्या एसएसडीवर, म्हणजे नव्या वेगवान डिस्कवर. तरी तुझा जीव भांड्यात पडावा म्हणून बाबांकडून एवढं करून घे: इन्स्टॉल होईपर्यंत जुन्या डिस्कच्या दोन्ही केबली, अरुंद डेटाची आणि रुंद पॉवरची, काढून ठेवायच्या. जी डिस्क जोडलेलीच नाही ती चुकून पुसली जाईलच कशी? यात दुसराही फायदा आहे. डिस्क आतून खराब व्हायला लागली असेल तर इन्स्टॉलर ती वाचायला जातो आणि तिथेच ताटकळत बसतो. आपल्याला वाटतं गाडी अडली, आणि तो बिचारा एकच जागा पुन्हापुन्हा वाचत असतो.

दुकानदार म्हणाला "भंगारात काढा, नवीन घ्या", ते मला अर्धंच पटलं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. आपला आय-थ्री तिसऱ्या पिढीचा. विंडोजच्या हिशेबानं तो म्हातारा झाला, खरं आहे. पण लिनक्स मिंट २ जीबी रॅमवर उभं राहतं, ४ जीबी असली तर बरं म्हणतात, आणि आपल्याकडे ४ आहे. मिंट २२ ला अपडेट्स २०२९ पर्यंत मिळणार आहेत. तुम्हाला लागतो ब्राउझर, हिशेबाचा तक्ता आणि प्रिंटर. त्यासाठी नवीन मशीन घ्यायची मला तरी गरज दिसत नाही.

आता मुद्द्याचं. बाबा, तुम्ही वीज बोर्डात असताना लाईनवर फॉल्ट आला की एबी स्विच (खांबावरचा लाईन तोडायचा स्विच) उघडून एकेक सेक्शन वेगळा करत जायचात ना? इथेही तसंच करायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. परवा तुम्ही पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टात लावला, रॅम हलवली आणि बायोसमध्येही (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) काहीतरी बदललं, सगळं एका दमात. गाडी पुढे गेली असती तरी कशानं गेली ते कळलं नसतं. आई, वही घेऊन तू शेजारी बस. काय बदललं आणि त्यानंतर कुठे अडलं, एवढंच लिहायचं. तुझं अक्षर निदान वाचता येतं.

अडलंय की नुसतं सावकाश चाललंय, हे आधी ठरवा. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागत-विझत असेल तर आत जीव आहे, थांबा, चहा घ्या. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत असेल तरी थांबा. दिवा ढिम्म हलत नसेल आणि माउसचा बाणही जागचा हलत नसेल, तर ते खरोखर अडलं. मग पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरायचं. पेनड्राइव्हवरून नुसतं सुरू होत असताना असं बंद केलं तर काही बिघडत नाही. फाईली कॉपी होत असताना केलं तर फार तर इन्स्टॉलेशन पहिल्यापासून करावं लागेल.

एक फसवं अडणं मात्र वेगळंच असतं. तुम्ही हौसेनं भाषा मराठी निवडलीत आणि वायफाय चालू ठेवलंत, की इन्स्टॉलर शेवटाकडे भाषेच्या फाईली इंटरनेटवरून उतरवत बसतो. आपल्याकडच्या नेटवर ती पट्टी तासभर हलत नाही. तिथे 'स्किप' असं बटण दिसेल, ते बिनधास्त दाबा. त्यापेक्षा वायफाय बंद ठेवून इंग्रजीतच इन्स्टॉल करा आणि कोडेकच्या (गाणी-व्हिडिओ चालवणाऱ्या फाईलींच्या) चौकोनात टिक करू नका. मराठी आणि आईचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड नंतर पाच मिनिटांत जोडता येतो.

तुम्ही सांगितलंत त्यावरून माझा पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर (स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या कार्डावर) आहे. मिंटचा लोगो येतो आणि मग स्क्रीन काळी होते, किंवा डेस्कटॉप दिसतो आणि बाण तिथेच थिजतो. दोन्ही लक्षणं त्याच घराण्यातली. धाकट्यानं कॉलेजात असताना गेमसाठी ते कार्ड बसवलं होतं, आठवतंय? गेम कधीच सुटले, कार्ड तसंच राहिलं. इतक्या जुन्या कार्डांसाठी कंपनीचे स्वतःचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे प्रोग्राम) बंद झालेत. लिनक्समध्ये त्याला चालवणारा मोफत ड्रायव्हर कंपनीच्या कागदपत्रांशिवाय, कार्ड कसं वागतं ते निरखून लोकांनी लिहिलेला आहे. पुष्कळदा चालतो, कधीकधी असा रुसतो.

तात्पुरता उपाय पेनड्राइव्हवरून सुरू करताना दिसणाऱ्या मेनूतच आहे. पहिल्या ओळीऐवजी 'कम्पॅटिबिलिटी मोड' लिहिलेली ओळ निवडायची. मग मिंट कार्डाच्या नादी न लागता साधंसं चित्र दाखवतं. अक्षरं मोठी आणि ओबडधोबड दिसतील, घाबरू नका. यानं पुढे गेलं तर दोष कार्डाचा, हे जवळजवळ नक्की. पण इन्स्टॉल झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना तेच दुखणं परत येऊ शकतं. म्हणून मला कार्ड काढून टाकणंच पसंत आहे. आपल्या प्रोसेसरमध्ये इंटेलचं स्वतःचं ग्राफिक्स आहे, आणि लिनक्सचं त्याच्याशी चांगलं जमतं.

काढायचं असं. भिंतीतला प्लग उपसा. नंतर पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे आत राहिलेला करंट उतरेल. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला एकदा हात लावा. अर्थिंगचं तुम्हाला मी काय सांगणार! कार्डाचा एक स्क्रू मागच्या पट्टीवर आहे. तो काढल्यावर स्लॉटच्या आतल्या टोकाला एक छोटी खिटी दिसेल. ती दाबून धरायची आणि कार्ड सरळ वर उचलायचं, तिरकं ओढायचं नाही. मग मॉनिटरची निळ्या टोकाची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्याच (कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डाच्याच) निळ्या पोर्टात लावा. कीबोर्ड-माउस लावता त्याच पट्टीवर ते पोर्ट आहे.

कार्ड काढूनही अडलं तर सुरू होताना लोगो आल्यावर एस्केप दाबा. लोगो जाऊन इंग्रजी ओळी धावायला लागतील. थांबेल तिथल्या शेवटच्या ओळींचा फोटो काढून मला पाठवा, पूर्ण स्क्रीनचा नको, जवळून. 'स्क्वॅशएफएस' आणि 'एरर' असं दिसलं तर मिंटची फाईल अर्धवट उतरलीय किंवा पेनड्राइव्ह कुचकामी आहे. 'आय/ओ एरर' आणि शेजारी 'एसडीए' (लिनक्सनं डिस्कला दिलेलं नाव) दिसलं तर बहुतेक डिस्क किंवा तिची केबल; मग पहिल्यांदा केबल बदलायची, ती स्वस्त असते. दर वेळी एकाच ठिकाणी अडत असेल तर माझा ओढा पेनड्राइव्हकडे राहील. कधी इथे, कधी तिथे, तर रॅम, उष्णता किंवा पॉवर सप्लाय.

रॅमची परीक्षा त्याच मेनूत आहे, 'मेमरी टेस्ट' नावाची. रात्री लावून झोपा. सकाळी लाल ओळ एक जरी दिसली तरी रॅम नापास. शंभरात एखादी चूक चालते असं इथे नसतं. तेव्हा २ जीबीच्या दोन पट्ट्यांपैकी एकच लावून परत टेस्ट, मग दुसरी. त्याआधी पट्टीची सोनेरी कड खोडरबरानं हलक्या हातानं पुसा आणि बारीक चुरा झटकून टाका. आपल्या दमट हवेत एवढ्यानंही पुष्कळदा काम होतं. बसवताना दोन्ही बाजूंची कट् ऐकू आली पाहिजे. उघडलंच आहे तर प्रोसेसरच्या पंख्याखालची धूळ ब्रशनं काढा, पण पंखा एका बोटानं धरून ठेवा. आणि पालीची अंडी निघाली तर आईला दाखवू नका.

दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या स्लॉटमध्ये लावूनही नापास झाल्या, तर दोष बहुतेक मदरबोर्डचा. तिथे मात्र हात आखडता घ्या. तेवढ्या जुन्या बोर्डावर आणखी पैसे घालायचे नाहीत, मग दुकानदार बरोबर आणि मी चूक. एसएसडी वाया जाणार नाही, ती दुसऱ्या मशीनला लागेल.

सगळं सुरळीत झालं तरी लगेच 'इन्स्टॉल' दाबू नका. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालतं, तर तासभर तसंच वापरा. आईला तिचं कीर्तन लावून द्या, प्रिंटर जोडून एक पान छापून बघा. तेवढा वेळ नीट चाललं की मग इन्स्टॉल. आणि सकाळीच करा, दुपारी लाईट जायची वेळ टाळून; यूपीएसची बॅटरी शेवटची कधी बदलली होती ते आठवून बघा.

धाकट्याला कार्ड काढल्याचं मी कळवते, तुम्ही नका सांगू. तो उगाच हळहळेल.

तुमची,
मोठी

ता. क. बाबा, कॉम्प्युटर दर वेळी जुनी तारीख दाखवतो म्हणालात ना, तो बोर्डावरचा बटणासारखा सेल संपलाय. सीआर २०३२ मागा, घड्याळाच्या दुकानात मिळेल. तारीख चुकीची असली की ब्राउझर बँकेची साईट उघडू देत नाही, मग पुन्हा तुम्ही मिंटलाच नावं ठेवाल.