यादी मागितली म्हणजे नकार नव्हे

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

काल फोनवर बाबांचं नुसतं 'हं' ऐकलं तेव्हाच ओळखलं, काहीतरी बिनसलंय. मग आईकडून कळलं, की बाबांची पुस्तकं ज्या ग्रंथालयाला देणगी द्यायची ठरवली होती, त्याचं उत्तर आलं: आधी यादी पाठवा, त्यातलं काय घ्यायचं ते आम्ही कळवू. बाबा, "फुकट द्यायचं, वर परीक्षाही द्यायची?" हा तुमचा संताप मला समजतो. चाळीस वर्षं पोटाला चिमटा घेऊन जमवलेल्या पुस्तकांतून कुणी परक्यानं हे हवं, ते नको म्हणायचं!

पण माझी एक मैत्रीण ग्रंथपाल आहे, तिच्याशी तासभर बोलले आणि माझाच सूर जरा उतरला. ती म्हणाली, देणगीचं पुस्तक फुकट येतं, पण फुकट पडत नाही. दाखल नोंदवहीत चढवायचं, वर्गांक द्यायचा, शिक्के मारायचे, पाठीवर चिठ्ठी डकवायची, संगणकात नोंद करायची आणि मग कपाटातली दोन बोटं जागा त्याला कायमची द्यायची. त्याच पुस्तकाच्या तीन प्रती त्यांच्याकडे आधीच असतील तर चौथीसाठी हा खटाटोप कोण करणार?

तुम्ही लगेच ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांच्या पाच सूत्रांतलं पाचवं काढाल, ग्रंथालय वाढतं असलं पाहिजे. गणित शिकवता शिकवता ग्रंथपाल झालेला माणूस म्हणून ते तुमचे विशेष लाडके, ठाऊक आहे मला. पण १९३१ सालच्या त्या पाचांतलं पहिलं सूत्र आहे, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. कपाट भरण्यासाठी नाहीत.

आता जर्नलांचं. इथे तुम्हाला वाईट वाटणार आहे, म्हणून आधीच सांगते. ती लाल कापडी बांधणीची, सोनेरी अक्षरांची रांग बहुधा कुणी घेणार नाही. नावाजलेल्या जर्नलांचे जुने अंक आता संगणकावर मिळतात. जेस्टोर हा जर्नलांचा संगणकावरचा संग्रह १९९५ मध्ये सुरू झाला तोच मुळी जुन्या जर्नलांच्या वाढत्या रांगांना ग्रंथालयांची कपाटं पुरेनात म्हणून. त्यातून तुमच्या रांगेत मधले दोन खंड नाहीत (एक मीच शाळेत असताना भिजवला होता, आता कबूल करायला हरकत नाही). सलग संच असेल तर एखादं ग्रंथालय आपल्याकडची खिंडारं बुजवायला विचार करतं, तुटक्या संचाला सहसा कुणी विचारत नाही.

पण माळ्यावर सुतळीनं बांधलेला तो गठ्ठा आहे ना, तुमच्या शिक्षक मंडळाची सायक्लोस्टाइल पत्रकं आणि चर्चासत्रांच्या पुस्तिका? आई दर वर्षी रद्दीत काढते आणि बाबा परत वर ठेवतात तो. मैत्रिणीनं त्याबद्दल दोनदा विचारलं. असल्या पत्रकांच्या मुळात थोड्याच प्रती निघतात, त्यांचं कुणी स्कॅनिंग केलेलं नसतं आणि घराघरांतून त्या अशाच संपतात. तेव्हा आई, तो गठ्ठा आता रद्दीत काढू नकोस. या एका बाबतीत बाबा जिंकले.

यादी आईनं लिहावी. बाबा पुस्तक उघडलं की वाचत बसतील आणि पहिल्या कप्प्यातच दिवाळी उजाडेल. नाव, लेखक, प्रकाशक, साल आणि आवृत्ती हे वेष्टनावरून न घेता आतल्या शीर्षकपानावरून, त्याच्या मागची बाजू बघून घ्यायचं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा छापील ओळख क्रमांक, असेल तर तेवढ्यावरून त्यांना पुस्तक सापडतं, पण तो क्रमांकच १९७० च्या सुमारास आला. बाबांची निम्मी पुस्तकं त्याआधीची, त्यामुळे ती सगळी हातानं उतरवावी लागणार. शेवटी एक रकाना अवस्थेचा ठेव. बुरशीचा वास किंवा कसर लागलेली पुस्तकं वेगळी काढ. तसलं एक पुस्तक खोक्यात गेलं तर बाकीच्यांनाही प्रसाद मिळतो. फाटलेल्या पानांना सेलोटेप तर मुळीच नको, बीजगणिताच्या त्या पुस्तकाचं काय झालंय बघतेसच.

आणि आई, तू पुस्तकांत ठेवलेली झाडांची पानं आधी काढून घे. भूमितीच्या एका पुस्तकात जाळी झालेलं पान सापडलं होतं. ते उचललं तरी त्याची तपकिरी सावली प्रमेयावर तशीच होती, देठासकट. पत्रं, पावत्या, माझी प्रगतिपुस्तकं, काय काय निघेल कुणास ठाऊक.

बाबा, ग्रंथालयात तुमच्या नावाचं वेगळं कपाट हवं ही अट मात्र सोडा. दिलेलं पुस्तक ग्रंथालयाचं झालं. पुढे ते बादही करतील, दुसऱ्या ग्रंथालयाला देतील, विकतीलही. हे सहन होणार नसेल तर ते पुस्तक देऊच नका, घरी ठेवा.

तुम्ही समासात पेन्सिलीनं लिहिलेली पुस्तकं घरीच राहू देत. त्यांना तशी ती चालणार नाहीत आणि खोडरबर घेऊन बसायचा विचार असेल तर कृपा करून बसू नका. फर्मा या फ्रेंच गणितज्ञानं एका ग्रंथाच्या समासात लिहिलेलं जगाला कळलं ते त्याच्या मुलामुळे. बाप गेल्यावर त्यानं १६७० मध्ये त्या टिपांसकट तो ग्रंथ छापला म्हणून. बापाच्या हातची मूळ प्रत मात्र कुठे गेली, कुणालाच माहीत नाही. तुमच्या समासात प्रमेयं कमी आणि 'इथे मुलं हमखास चुकतात' हेच जास्त आहे, पण मला ते हवंय.

पुढच्या महिन्यात आठ दिवस येतेय. तोवर यादी होईल तेवढी करा, खोके मात्र कुणी उचलायचे नाहीत. भरायचेही लहानच, मोठा भरला की तो मलाही हलत नाही.

तुमची,
धाकटी