'खालच्या' कॉन्फरन्सचा वाद केवळ प्रतिष्ठेचा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलवर आलेला लेख वाचला. आपला संघ खालच्या कॉन्फरन्समध्ये जाणार म्हणून तेथील चाहते जो आरडाओरडा करतात, तो पोकळ प्रतिष्ठेपोटी असतो, असा त्या लेखाचा सूर होता. हा सूर मला पटला नाही. अमेरिकेच्या वायव्येला पलूस नावाचा गव्हाचा आणि मसुराचा प्रदेश आहे (सांगली जिल्ह्यातले पलूस नव्हे). तेथे मी काही वर्षे राहिलो असून हा वाद दोन्ही बाजूंनी ऐकला आहे. मॉस्को या गावात आयडाहो विद्यापीठ आहे आणि तेथून जेमतेम आठ मैलांवर, राज्याची सीमा ओलांडली की पुलमनमध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठ आहे. गेल्या दहा वर्षांत या दोन्ही संघांवर खाली उतरण्याची वेळ आली. आयडाहो स्वतःहून उतरले, वॉशिंग्टन स्टेटला ढकलण्यात आले. चाहत्यांच्या वादात खरे काय पणाला लागलेले असते, हे या दोन उदाहरणांतून जितके कळते तितके दुसऱ्या कशातून कळणार नाही.

लेखात एक गोष्ट नीट सांगितलेली नव्हती, ती आधी नमूद करतो. कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी दरवर्षी खेळण्याचे ठरवलेल्या विद्यापीठांचा गट. सामन्यांची तारीखपत्रिका, दूरचित्रवाणीचे करार आणि त्यांतून येणारा पैसा हे सारे या गटामार्फत ठरते. याशिवाय वरच्या पातळीच्या फुटबॉलचे एफबीएस (वरचा) आणि एफसीएस (खालचा) असे दोन स्तर आहेत. आयडाहोने 2016 मध्ये खाली उतरण्याचा निर्णय घेतला त्या काळी एफबीएस संघाला खेळाडूंसाठी 85 पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, तर एफसीएस संघाला 63 शिष्यवृत्त्यांएवढीच रक्कम वाटता येई. आपल्याकडे रणजीच्या प्लेट गटातला संघ चांगला खेळला की वर जातो. तेथे तशी सोय नाही. कितीही सामने जिंकले तरी वरच्या गटाने आमंत्रण दिल्याशिवाय दार उघडत नाही, आणि आमंत्रण देताना मैदानावरच्या कामगिरीपेक्षा तुमच्या शहरात दूरचित्रवाणीचे प्रेक्षक किती, हे पाहिले जाते. खाली गेलेला संघ पुन्हा वर येईलच असे नसते, हे चाहत्यांना पुरते ठाऊक असते. म्हणून त्यांचा आवाज चढतो.

आयडाहोची गोष्ट सहसा 2016 पासून सांगितली जाते, पण तिचे मूळ बरेच मागे आहे. 1922 मध्ये हे विद्यापीठ पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये दाखल झाले. स्टॅनफर्ड, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, यूएससी आणि पुढे यूसीएलए अशा बड्या विद्यापीठांच्या पंगतीत ते होते. 1959 मध्ये ही कॉन्फरन्स मोडली. किनाऱ्यावरच्या पाच बड्यांनी आपला नवा गट काढला. 1962 मध्ये वॉशिंग्टन स्टेटला आणि 1964 मध्ये ओरेगन व ओरेगन स्टेटला त्यात घेतले गेले, पण आयडाहोला कोणी विचारले नाही. त्याच गटाचा पुढे पॅक-12 झाला. आयडाहोने 1963 मध्ये मोंटाना, मोंटाना स्टेट, वीबर स्टेट अशा डोंगराळ राज्यांतील विद्यापीठांबरोबर बिग स्काय कॉन्फरन्स स्थापन केली आणि तीस-बत्तीस वर्षे तेथे सुखाने काढली. नंतर ही कॉन्फरन्स दुसऱ्या स्तरात गेली, तरी 1980 च्या दशकात आणि 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात आयडाहोचा संघ वारंवार राष्ट्रीय बाद फेरीत पोहोचत होता.

मग 1996 मध्ये बॉयझी स्टेटच्या जोडीने आयडाहोने वरच्या स्तरात उडी घेतली. माझ्या मते खरी चूक झाली ती येथे, 2016 मध्ये नव्हे. बॉयझी हे आयडाहो राज्याच्या राजधानीचे आणि झपाट्याने वाढणारे शहर. त्या संघाने 2007 च्या फिएस्टा बोलमध्ये ('बोल' म्हणजे मोसमाअखेरीस निमंत्रित संघांमध्ये होणारा मानाचा सामना) ओक्लाहोमाला 43-42 असे हरवून देशभर नाव कमावले. मॉस्को मात्र गव्हाच्या टेकड्यांमधले छोटे गाव. तेथील किबी डोम या छताखालच्या मैदानात 16,000 प्रेक्षक बसतात, आणि वरच्या स्तरात राहायचे तर सरासरी 15,000 उपस्थिती दाखवावी लागेल असा तेव्हाचा नियम होता. म्हणजे प्रत्येक सामन्याला मैदान जवळजवळ खचाखच भरले तरच कागद जुळणार. त्यात आयडाहो ज्या कॉन्फरन्समध्ये जाई तिचाच पाया खचे. बिग वेस्टने 2000 च्या मोसमानंतर फुटबॉल सोडला, म्हणून सन बेल्ट. 2005 मध्ये डब्ल्यूएसी (वेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्स). 2012 नंतर डब्ल्यूएसीनेही फुटबॉल सोडला, म्हणून 2013 चा मोसम कोणत्याच गटाविना. त्या वर्षी संघ बारापैकी एकच सामना जिंकला आणि फ्लोरिडा स्टेटकडून 80-14 असा हरला. 2014 पासून पुन्हा सन बेल्टमध्ये, तेही केवळ फुटबॉलपुरते. सन बेल्टमधले बहुतेक प्रतिस्पर्धी अलाबामा, जॉर्जिया, लुईझियाना, अर्कान्सास या दक्षिणेतील राज्यांत. जॉर्जिया सदर्नशी सामना म्हणजे दोन हजार मैलांचा विमानप्रवास, आणि तेथून आपल्या संघामागे मॉस्कोपर्यंत येणारा चाहता विरळाच.

मार्च 2016 मध्ये सन बेल्टने कळवले की 2017 च्या मोसमानंतर आयडाहो आणि न्यू मेक्सिको स्टेट यांना गटात ठेवता येणार नाही. न्यू मेक्सिको स्टेटने एकट्याने वरच्या स्तरात तग धरायचे ठरवले. आयडाहोचे तत्कालीन अध्यक्ष चक स्टेबन यांनी 28 एप्रिल 2016 रोजी उलटा निर्णय जाहीर केला: 2018 पासून संघ बिग स्कायमध्ये, म्हणजेच एफसीएस स्तरात खेळेल. दोन स्तरांची विभागणी झाल्यापासून वरून खाली स्वेच्छेने आलेले हे पहिलेच विद्यापीठ.

यावरून चाहत्यांत उभी फूट पडली. लेखकाने या विरोधाला अहंकार म्हणून निकालात काढले. मी काढणार नाही, कारण त्यात तथ्य होते. शिष्यवृत्त्या कमी झाल्या की चांगले खेळाडू मिळणे अवघड होते. बडे संघ घरच्या मैदानावर सोप्या विजयासाठी छोट्या संघाला रक्कम मोजून बोलावतात. ही रक्कम एफसीएस संघाला कमी मिळते आणि छोट्या विद्यापीठांच्या क्रीडा विभागाचा गाडा बराचसा तिच्यावर चालतो. माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांवरही परिणाम होतो. जुन्या मंडळींना 1999 आणि 2000 मध्ये लागोपाठ दोन वर्षे पुलमनमध्ये जाऊन वॉशिंग्टन स्टेटला चारलेली धूळ आठवत होती, आणि ती वरच्या स्तरात असतानाच चारली होती. त्यात नियतीने जखमेवर मीठ चोळले. उतरण्याचा निर्णय जाहीर झाल्यानंतरच्याच मोसमात संघाने नऊ सामने जिंकले आणि डिसेंबर 2016 मध्ये फेमस आयडाहो पोटॅटो बोलमध्ये कोलोरॅडो स्टेटला 61-50 असे हरवले. वरच्या स्तरातल्या बावीस मोसमांत आयडाहोला मिळालेले हे तिसरे बोल-निमंत्रण, आणि तिन्ही वेळा विजय. मग जिंकणाऱ्या संघाला खाली का न्यायचे, हा प्रश्न कोणालाही पडला असता.

तरीही निर्णय बरोबर होता, असे माझे मत आहे. बावीस वर्षांत तीन वेळा आलेले सुख हा काही संसार चालवण्याचा आधार नव्हे. मोंटानाविरुद्धच्या सामन्याला 'लिटल ब्राउन स्टाइन' असे नाव आहे. 1938 पासून चालत आलेल्या या चषकाचा आकार बिअरच्या लाकडी मगासारखा असून त्यावर सामन्यांचे निकाल कोरत गेले आहेत. आयडाहो वरच्या स्तरात गेल्यानंतर हा सामना मधूनमधूनच होई आणि पुढे कित्येक वर्षे झालाच नाही. मॉस्कोमधल्या एका माजी विद्यार्थ्याने, जो खाली येण्याच्या पूर्ण विरोधात होता, मला किबी डोमबाहेरच्या वाहनतळावर गाडीची डिकी उघडून सँडविच वाढता वाढता सांगितले होते की निर्णयावर तो अजून नाराज आहे, पण मोंटानाचे लोक बस भरून येतात आणि समोरच्या रांगेत त्यांच्या मरून झेंड्यांची गर्दी होते, तेव्हा शनिवार कसा शनिवारसारखा वाटतो. ईस्टर्न वॉशिंग्टन दीड तासावर, मोंटानाचे मिझुला गाव गाडीने साडेतीन-चार तासांवर. आपल्या संघाबरोबर परगावी जाता येणे ही चाहत्याच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट असते, आणि सन बेल्टच्या काळात ती मिळत नव्हती.

सुरुवातीची चार वर्षे कठीण गेली, हे मात्र मान्य केले पाहिजे. 2018 पासून 2021 पर्यंत संघ प्रत्येक मोसमात जिंकला त्याहून जास्त सामने हरला, आणि 'आम्ही सांगितलेच होते' म्हणणाऱ्यांचे फावले. 2022 मध्ये जेसन एक (Eck, हे त्यांचे आडनाव) हे प्रशिक्षक म्हणून आले. त्या वर्षी संघाने मिझुलामध्ये जाऊन मोंटानाला 30-23 असे हरवले आणि बाद फेरी गाठली. 2023 आणि 2024 मध्ये तो उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला. या काळात वरच्या स्तरातल्या नेवाडाला 33-6 आणि वायोमिंगला 17-13 असे त्याने हरवले. एफसीएसमध्ये चोवीस संघांची बाद फेरी खेळून राष्ट्रीय विजेता ठरतो, म्हणजे नोव्हेंबरअखेरीसही खेळण्याजोगे काही शिल्लक राहते. 2024 च्या मोसमानंतर जेसन एक यांना न्यू मेक्सिको विद्यापीठाने उचलले. यशस्वी प्रशिक्षक टिकत नाही, हा खालच्या स्तराचा तोटा आहे आणि तो कायमचा आहे.

आता सीमेपलीकडे. 2023 च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन स्टेटच्या चाहत्यांवर जे कोसळले, ते आयडाहोकरांनी 1959 मध्येच पाहिले होते. यूएससी आणि यूसीएलए यांनी 2022 मध्येच बिग टेन या दुसऱ्या बड्या कॉन्फरन्सची वाट धरली होती. 2023 मध्ये आधी कोलोरॅडो गेले. 4 ऑगस्टला एका दिवसात ओरेगन, वॉशिंग्टन, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा यांनी पॅक-12 सोडण्याचे जाहीर केले, आणि महिन्याभरात स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया अटलांटिक किनाऱ्यावरच्या एसीसी या कॉन्फरन्समध्ये गेले. उरली ती फक्त ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. ज्या गटातून प्रत्येक विद्यापीठाला वर्षाला तीन कोटी डॉलरहून अधिक मिळत, त्याच्या तिजोरीची चावी कोणाकडे राहावी, याचा खटला पुलमनजवळच्या कोलफॅक्स या लहानशा गावातल्या न्यायालयात चालला आणि उरलेल्या दोघांच्या बाजूने आदेश निघाला. पैसा काही प्रमाणात वाचला, पण खेळाडू वाचले नाहीत. क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू) कॅम वॉर्ड मायामीला गेला आणि 2025 मध्ये व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर उचलला गेला. त्याची जागा घेणारा जॉन मतीर एका मोसमानंतर ओक्लाहोमाला गेला, तर प्रशिक्षक जेक डिकर्ट वेक फॉरेस्टला. पुलमनच्या चाहत्याचा संताप या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. त्याच्या संघाने मैदानावर असे काहीही केले नव्हते की ज्यासाठी ही शिक्षा व्हावी. अशा माणसाला 'तुमची प्रतिष्ठा दुखावली' असे म्हणणे हे त्याच्या दुःखाचे चुकीचे निदान आहे.

काही आयडाहोकर शेजाऱ्यांना सल्ला देतात की तुम्हीही सरळ बिग स्कायमध्ये या. हा सल्ला अस्थानी आहे. वॉशिंग्टन स्टेटच्या मैदानात सुमारे 33,000 लोक बसतात, त्यांचे माजी विद्यार्थी सिएटलपर्यंत पसरले आहेत, आणि 2024 मध्ये मोठ्या भावाच्या थाटात वावरणाऱ्या वॉशिंग्टन विद्यापीठाला त्यांनी ॲपल कप सामन्यात 24-19 असे हरवले आहे. 2026 पासून बॉयझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट आणि टेक्सस स्टेट यांना घेऊन पॅक-12 नव्याने उभी राहते आहे. या पॅक-12 ला पूर्वीची सर नाही, असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की त्यातलाच बॉयझी स्टेटचा संघ 2024 मध्ये माउंटन वेस्टसारख्या 'खालच्या' कॉन्फरन्समधून बारा संघांच्या राष्ट्रीय प्लेऑफमध्ये तिसरे मानांकन मिळवून गेला होता. उलट तीन कोटींवर बेतलेला खर्च कमी पैशांत कसा भागवायचा, या खऱ्या प्रश्नावर पुलमनच्या वादात मला फारसे ऐकू आले नाही.

या साऱ्यात दोन्ही गावांच्या हाताशी असलेली एक गोष्ट मात्र दुर्लक्षित राहिली आहे. मॉस्को आणि पुलमन यांच्यातला सामना 1894 पासूनचा. 1938 ते 1968 या काळात हरलेल्या विद्यापीठाचे विद्यार्थी आठ मैल पायी चालत जिंकणाऱ्यांच्या गावी जात आणि जिंकणारे त्यांना गाडीने घरी सोडत. आता हा सामना अधूनमधूनच होतो; 2022 मध्ये वॉशिंग्टन स्टेट 24-17 असा आणि 2025 मध्ये 13-10 असा कसाबसा जिंकला. नव्या पॅक-12 मध्ये फुटबॉलचे आठच संघ असल्याने बाहेरच्या सामन्यांसाठी भरपूर तारखा मोकळ्या राहणार आहेत. वरच्या स्तरातल्या संघाला एफसीएस संघावरचा वर्षातला एक विजय बोलच्या पात्रतेसाठी धरताही येतो. मग पाहुण्या संघाला द्यायची रक्कम दूरच्या कोणाला देण्याऐवजी दरवर्षी आठ मैलांवरच्या आयडाहोला द्यावी आणि दहा वर्षांचा करार करावा, ही मागणी दोन्हीकडच्या चाहत्यांनी मिळून आपापल्या क्रीडा संचालकांकडे लावून धरायला हवी. हे पत्र छापल्यास त्याची एक प्रत मी पुलमन आणि मॉस्को येथील ओळखीच्या मराठी कुटुंबांना अवश्य पाठवीन.

आपला,
एक नियमित वाचक